आतून लागणारी कडी

सांगलीच्या गणेशदुर्गातील तुरुंगाचे नाव निघाले म्हणजे कृष्णाकाठच्या जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर २४ जुलै १९४३ हा दिवस उभा राहतो. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांना न जुमानता तटावर चढले, खंदकात उड्या टाकून बाहेर पडले, आणि त्यानंतरच्या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोन तरुण हुतात्मे झाले, तर खुद्द दादांच्या खांद्यात गोळी शिरली. परकीय सत्तेने उभारलेली भिंत ओलांडणे हे त्या वीरांचे कर्तव्यच होते, आणि म्हणून ती उडी आमच्या भागात आजही अभिमानाने सांगितली जाते. परंतु आज ज्याला सांगली जिल्हा म्हणतात त्याच्याच एका कोपऱ्यात, आटपाडीच्या उजाड माळावर, त्याच काळी दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि ती मात्र फारच थोड्यांच्या तोंडी आहे. तेथेही बंदिवान होते. खुनासारख्या घोर अपराधाबद्दल शिक्षा झालेले बंदिवान होते. पण ओलांडावयास तेथे भिंतच नव्हती. राहावयाचे की निघून जावयाचे, हा प्रश्न त्या माणसांना दररोज सकाळी स्वतःच्याच मनाशी सोडवावा लागत होता. त्या वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर.

शिक्षा भोगून आलेल्या माणसाला समाजात पुन्हा कसे उभे करावे, या प्रश्नाची चर्चा आज परिषदांतून आणि अहवालांतून होत असते. त्या प्रश्नाचे एक धडधाकट उत्तर सातारा-सांगलीच्या भूमीवर आठ दशकांपूर्वीच शोधले गेले, हे आपल्या वाचकांस ठाऊक असावे, आणि त्या उत्तरातून आपल्या वाट्याला कोणते काम येते तेही स्पष्ट व्हावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

औंधचे राजेसाहेब

आटपाडी त्या वेळी औंध संस्थानात मोडत असे. सुमारे पाचशे चौरस मैलांचे आणि बहात्तर गावांचे हे चिमुकले संस्थान एकसंध नव्हते. साताऱ्याच्या बाजूस औंध, कृष्णेच्या खोऱ्यात कुंडल, माणदेशात आटपाडी आणि दूर विजापूरकडे गुणदाळ, असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. १९०९ साली गादीवर आलेले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे प्रसारक, स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि कलावस्तूंचे रसिक संग्राहक म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. औंधच्या यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय पाहून त्यांच्या रसिकतेस मान लवविल्याशिवाय प्रवासी परतत नाही. परंतु त्यांचे याहून मोठे कर्तृत्व असे की, नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले आणि महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने सिद्ध झालेली राज्यघटना २१ जानेवारी १९३९ पासून अमलात आणली. गावचा कारभार आणि किरकोळ तंट्यांचा न्याय या घटनेने गावच्या पंचायतीकडे आला. जो राजा निरक्षर रयतेवर राज्य चालविण्याइतका विश्वास टाकतो, त्याला आपल्याच तुरुंगातील माणसांकडे निराळ्या दृष्टीने पाहणे अवघड गेले नाही, यात नवल नाही.

या भूमीत तसा विचार पूर्वीही रुजलेला होता. १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच राजेसाहेबांच्या आश्रयाने आपला कारखाना वसविला, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतले, आणि कामही कोणते दिले, तर रात्रीच्या पहाऱ्याचे. ज्याच्या भीतीने गावोगावचे लोक दाराला आडणा घालीत, त्याच्याच हाती वाडीची राखण सोपवावयाची, हा निर्णय व्यवहारी माणसास वेडेपणाचा वाटला असेल. परंतु चोराच्या वाटा ज्याला ठाऊक त्याने राखण करावी यात शहाणपण होते, आणि ज्याच्यावर कोणी कधी भरवसा ठेवला नाही त्याच्यावर तो ठेवला म्हणजे तो माणूस त्या भरवशाला प्राणापलीकडे जपतो, ही मनुष्यस्वभावाची पारखही होती. किर्लोस्करवाडीचे ते पहारेकरी विश्वासास पात्र ठरले.

माळावरची वसाहत

स्वतंत्रपुराची कल्पना मात्र एका परदेशी मनुष्याच्या मनात प्रथम उमटली. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधील ज्यू घराण्यातले अभियंते. बंगळूरच्या सरकारी विद्युत् कारखान्याची जबाबदारी वाहण्यासाठी ते हिंदुस्थानात आले आणि येथल्या अध्यात्माने असे भारले गेले की भगवी वस्त्रे धारण करून स्वामी भारतानंद झाले. गांधीजींच्या सूतकताईच्या कार्यासाठी 'धनुष तकली' सिद्ध करणारे ते हेच, आणि पुढे मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारेही तेच. राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, जे पुढे स्वतंत्र भारताचे नामांकित राजदूत झाले, त्यांच्या स्नेहामुळे फ्रीडमन औंधास आले आणि घटनेच्या प्रयोगात राबू लागले. बेड्या घालून बराकीत कोंडलेल्या माणसांना मोकळ्या माळावर आणावे, त्यांना जमीन द्यावी, त्यांच्या बायकामुलांना त्यांच्याजवळ राहू द्यावे, आणि पहाऱ्याच्या जागी त्यांच्या शब्दावर विसंबावे, ही योजना त्यांनी मांडली. राजेसाहेबांनी ती मान्य केली. आणि १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले.

माणदेश ज्याने पाहिला आहे त्याला या निवडीचे कठोरपण समजेल. माण नदीला वर्षातून थोडे दिवस पाणी, पाऊस लहरी, जमीन मुरमाड, आणि दुष्काळ पाचवीला पुजलेला. येथे मेंढरे जगतात, खिलारी बैल जगतो, आणि माणूस जगतो तो केवळ चिवटपणाने. अशा भूमीत पीक काढावयाचे तर आधी दगड वेचावे लागतात, बांध घालावे लागतात, पाणी हुडकावे लागते. आणि एवढे करूनही आभाळाकडे पाहात बसावे लागते. ज्या हातांनी एका संतापाच्या क्षणी कुणाचा जीव घेतला, त्या हातांना वर्षभर धीर धरून कणीस भरण्याची वाट पाहावयास लावणे, याहून चांगले प्रायश्चित्त कोणता न्यायाधीश फर्मावू शकला असता?

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. राजेसाहेबही १९५१ साली निवर्तले. राजवटी बदलल्या, तरी वसाहत मोडली नाही. आज महाराष्ट्राच्या कारागृह विभागाच्या अखत्यारीत ती खुली वसाहत म्हणून नांदत आहे, आणि राज्यातील मोठ्या कारागृहांच्या तुलनेत तिची क्षमता अगदी अल्प, म्हणजे अवघ्या २८ बंद्यांची आहे. बंदिस्त कारागृहात शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तणुकीने काढलेल्या शिक्षाबंद्यांतून येथे पाठवावयाची माणसे निवडली जातात. येथे ती कुटुंबासह राहतात आणि शेती कसतात.

या व्यवस्थेचे मर्म एका लहानशा वस्तूत साठवलेले आहे. तुरुंगाच्या बराकीच्या दाराला कडी असते ती बाहेरून. सायंकाळी मोजदाद झाली की शिपाई ती लावतो आणि सकाळी तोच ती काढतो. आत असलेल्या माणसाचा त्या कडीशी संबंध एवढाच की तिचा आवाज त्याने ऐकावा. दहाबारा वर्षे ज्याने हा आवाज ऐकला त्याचे दार उघडण्याचे भानच हरपते. सुटून आलेले कित्येक जण पहिले काही दिवस उघड्या दारापाशी येऊन कुणीतरी बोलावील म्हणून थबकतात. घराच्या दाराला मात्र कडी आतून असते. चूल विझली, पोरे झोपली, दावणीचे जनावर एकदा पाहून आले, म्हणजे घरधनी आपल्या हाताने ती लावतो आणि पहाटे आपल्याच हाताने काढतो. स्वतंत्रपुराने बंदिवानाला जे दिले ते हेच: कडी त्याच्या हातात दिली. त्याची शिक्षा संपलेली नाही, तो अद्याप सरकारचा कैदीच आहे. परंतु कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी नवरा, कुठल्यातरी वाफ्याचा धनी म्हणून जगण्याचा सराव त्याला सुटकेच्या आधीच होऊ लागतो.

कुंपणाची दोन रूपे

या प्रयोगाची थोरवी कळण्यासाठी शेजारच्या सोलापुराकडे दृष्टी टाकावी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या जन्मालाच गुन्हा चिकटविला, त्या पारधी, कैकाडी, भामटा इत्यादी जमातींच्या कुटुंबांना सोलापूरच्या 'सेटलमेंट'मध्ये तारांच्या कुंपणात कोंडले जाई. कामाला बाहेर जावयाचे तर परवाना, परत आल्यावर हजेरी, आणि हजेरी चुकली की शिक्षा. हा कायदा रद्द होऊन त्या लोकांची मुक्तता झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे एकाच काळी, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन ठिकाणी, अपराध न केलेल्या बालकांभोवती तार होती आणि अपराध सिद्ध झालेल्या माणसांभोवती काहीच नव्हते. विश्वास हा लायकी पाहून द्यावयाचा असतो असे आपण समजतो. या दोन वसाहतींचा इतिहास सांगतो की अविश्वासाने निरपराध्याची माती होते आणि विश्वासाने अपराध्याला लायकी येते. विश्वास आधी द्यावा लागतो, लायकी मागून येते.

जगाला ही गोष्ट कळली ती मात्र चित्रपटामुळे. आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेले आणि औंध संस्थानातच वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी या वसाहतीवरून स्फुरलेली कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढून तिला अमर केले. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याचा गौरव झाला, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. सहा खुनी कैद्यांना बांधून ठेवतात ते जेलरचे दोन डोळे, ही त्या कथेची मध्यवर्ती कल्पना विलक्षण प्रभावी आहे. तथापि प्रत्यक्ष स्वतंत्रपुरात माणसाला धरून ठेवणारे डोळे याहून अधिक असतात. सकाळी न्याहारी घेऊन बांधावर येणाऱ्या बायकोचे असतात, शाळेतून परतणाऱ्या लेकराचे असतात, आणि त्या डोळ्यांतली ओळख पुन्हा गमावण्याची भीती कोणत्याही तटापेक्षा उंच असते.

स्वतंत्रपूर हे जगातले एकमेव उदाहरण नव्हे. स्वित्झर्लंडमधील विट्झविल येथे ओटो केलरहाल्स यांनी गेल्या शतकाच्या आरंभापूर्वीच कैद्यांकडून दलदलीची शेते करून दाखविली होती. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी खुल्या कारागृहांचा पुरस्कार केला. राजस्थानात सांगानेर येथे बंदी कुटुंबासह राहून बाहेर रोजगारास जातात. आपल्या राज्यातही येरवडा, पैठण येथे खुली कारागृहे आहेत. परंतु घर आणि शेत या दोन्हींचा मेळ इतक्या लवकर घालण्याचा मान माणदेशाचा आहे.

सुटकेचा दुसरा दिवस

अशी वसाहत मूठभरांनाच लाभते. बाकीचे हजारो जण थेट बराकीतून गावात येतात. त्यांच्यापैकी एखाद्याचा सुटकेचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. हुकूम येतो, जमा असलेले कपडे आणि चीजवस्तू दफ्तरातून परत मिळतात, कष्टाच्या मजुरीची शिल्लक हाती पडते, आणि दिंडी दरवाजातून वाकून तो बाहेर येतो. संध्याकाळच्या एस.टी.ने तो फाट्यावर उतरतो आणि अंधार पडेपर्यंत मुद्दामच तेथे थांबतो, कारण उजेडी गावात शिरण्याचा धीर त्याला होत नाही. घरी आई थकलेली असते, जमीन भावकीने कसायला घेतलेली असते, लेक परकी झालेली असते. सुटकेचा पहिला दिवस असा भेटीगाठींत, रडण्यात निघून जातो. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहतो: कामावर कोण घेणार?

या दुसऱ्या दिवसासाठी काही सोयी आहेत, आणि त्यांची माहिती गावोगाव असावयास हवी. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये योग्य प्रकरणी अपराध्यास तुरुंगात न धाडता परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येते, म्हणजे मुळात घर मोडतच नाही. संचित रजा आणि अभिवचन रजा यांमुळे दीर्घ शिक्षेच्या बंद्याचे घराशी नाते तुटत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कारागृहात आणि सुटकेनंतर अशा माणसांसोबत काम करीत आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्यातील बंद्यांसाठी 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली; ७ टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंतचे हे कर्ज बंदी आपल्या तुरुंगातील मजुरीतून फेडतो, आणि त्यातून मुलांचे शिक्षण वा घरचे दुखणेपाखणे निभावते. तारणावाचून कैद्याला कर्ज देणारी बँक आणि चोराला पहारेकरी नेमणारा कारखानदार यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी दोघांची रीत एकच आहे.

तथापि योजना कितीही असोत, शेवटचा निर्णय गावच करते. ज्याच्या घरी अपराध घडला त्या कुटुंबाचे दुःख विसरा, असे कोणी म्हणू नये. त्या दुःखाचा मान राखूनच हे काम व्हावयास हवे, आणि प्रसंगी परतणाऱ्याने दुसऱ्या गावी बिऱ्हाड करणेच योग्य ठरेल. परंतु न्यायालयाने दिलेली शिक्षा पुरी झाल्यावर गावाने आपली वेगळी, मुदत नसलेली शिक्षा सुरू करू नये. सोसायटीच्या चेअरमनने त्याचा खते-बियाण्यांचा अर्ज इतरांसारखाच हाती घ्यावा. मास्तरांनी त्याच्या पोराला वर्गात बापाच्या नावावरून हिणवू देऊ नये. गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर, डाळिंबाच्या बागेत माणूस हवा असेल तर त्याला एकदा विचारावे. आणि लग्नकार्यात त्याच्या घरी अक्षत पाठवावयास विसरू नये. यांतल्या एकाही गोष्टीला सरकारी मंजुरी लागत नाही.

तुरुंगाची कडी सरकारच्या हाती असते. घराची कडी, स्वतंत्रपुराने दाखविल्याप्रमाणे, त्या माणसाच्या हाती देता येते. राहिली ती गावाच्या वेशीची. ती आपल्या बाजूने लागलेली असते, आणि बाहेर फाट्यावर, अंधार पडण्याची वाट पाहात उभ्या असलेल्या माणसाला ती काढता येत नाही.