घरातला रॅक लाकडी कपाटात लपवायचाय? मग आधी हवेची वाट ठरवा

गेल्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास माझ्या फोनवर नोटिफिकेशन आलं: 'डिस्क १, तापमान ६१ अंश.' मी वसमतला घरूनच काम करतो. ती डिस्क माझ्यापासून दहा फुटांवर, बैठकीतल्या नव्याकोऱ्या कपाटात होती. कपाट दिसायला एक नंबर. पण दार उघडलं आणि तोंडावर भट्टीसारखी झळ आली.

त्या डिस्कवर आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ती असताना फोनवर रेकॉर्ड केलेल्या. दोन दिवसांनी ती डिस्क गेली. उष्णतेमुळेच गेली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण बहुतेक हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. नशीब, दुसऱ्या डिस्कवर तीच प्रत होती.

खरं तर मिस्त्रींनी कपाट बनवताना विचारलं होतं, "दादा, मागं भोकं ठेवू का?" मीच शहाणपणा केला: "नको, धूळ जाईल."

रॅक म्हणजे नेमकं काय?

राउटर, नेटवर्क स्विच, फोटो-फाइल साठवणारा नॅस, यूपीएस अशी यंत्रं एकावर एक नीट बसवायची लोखंडी चौकट म्हणजे रॅक. यंत्राच्या पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच असते. हे माप टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यापासून चालत आलंय. उंची 'यू'मध्ये मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच. मिस्त्रींना 'पावणेदोन इंच' सांगा, लगेच कळतं.

लाकडात रॅक बसवणं नवीन नाही. आयकिया कंपनीच्या 'लॅक' या छोट्या टेबलाच्या पायांमधलं अंतर जवळपास या यंत्रांएवढंच निघालं, म्हणून युरोपातल्या हौशी लोकांनी त्यालाच रॅक बनवलं. त्याला 'लॅकरॅक' म्हणतात. पण ते टेबल चारही बाजूंनी उघडं असतं. आपल्याला दार लावायचंय, आणि घोळ तिथेच होतो.

लाकूड उष्णता अडवतं

तव्याला लाकडी मूठ का असते? हात भाजू नये म्हणून. लाकडातून उष्णता सहज पलीकडे जात नाही. आपलं कपाट म्हणजे चारही बाजूंनी लाकडी मूठच. त्यात यंत्रं जेवढी वीज खातात, तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. माझी सगळी यंत्रं मिळून साधारण १०० वॉट घेतात. म्हणजे १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब बंद पेटीत चोवीस तास चालू ठेवल्यासारखं. फोन उशीखाली चार्जिंगला ठेवला की तापतो, तसंच हे.

किती हवा लागेल? सोपं गणित

वॉट × १.७६ ÷ खोलीपेक्षा किती अंश जास्त चालेल = दर मिनिटाला लागणारी हवा, घनफुटांत. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा 'सीएफएम' म्हणून छापलेला असतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर जाते, म्हणून मी फरक फक्त ५ अंश धरला. १०० × १.७६ ÷ ५ = साधारण ३५ सीएफएम. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि फिल्टर लावला की तो बराच उतरतो. म्हणून मी १२ सेंटीमीटरचे, प्रत्येकी ५० सीएफएमचे दोन पंखे घेतले. मोठा पंखा हळू फिरवला तरी पुरेशी हवा देतो आणि आवाजही कमी करतो.

दुसऱ्या वेळी काय केलं

१. आतली रुंदी सव्वाएकोणीस इंच ठेवली. आधी रॅकच्या रेल आणल्या, त्यांवर एक यंत्र लावून बघितलं आणि मगच फळी कापली. फळी १८ एमएम प्लायची.

२. हवा आत येण्यासाठी पुढे खाली दीड फूट लांब, चार इंच उंच फट. पंखे मागे, वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारे. गरम हवा वर जाते, पंखा तिला फक्त ढकलतो. पंखे आणि भिंत यांच्यात चार इंच मोकळे.

३. खालच्या फटीला मच्छरदाणीची नायलॉन जाळी. इथे हळद पॉलिश करण्याच्या दिवसांत हवेत पिवळी धूळ असते. तेव्हा जाळी दर आठवड्याला धुतो, एरवी पंधरा दिवसांनी.

४. दाराला वेताची जाळी. हवा आणि वायफाय दोन्ही जातात. लोखंडी जाळी किंवा आरसा लावला तर सिग्नल अडतो.

५. मागे हात जाईल एवढी जागा. वायर बदलायला प्रत्येक वेळी कपाट ओढायचं नसेल तर हे विसरू नका.

६. यूपीएस सगळ्यात खाली, कारण तो जड असतो आणि खाली हवा थंड असते. त्याच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी मात्र बंद कपाटात कधीच ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेऊ शकतो.

आता खोली ४० अंशांवर असताना डिस्क ४७ वर असते. आई खूश, कारण पाहुण्यांना वायरी दिसत नाहीत.

रॅक नसेल तरी

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात राउटर कोंबला असेल तर तोही असाच तापतो. दुपारी दार तासभर बंद ठेवा. एक साधा थर्मामीटर आत वरच्या बाजूला ठेवा, दुसरा बाहेर. फरक ५-७ अंशांपेक्षा जास्त आला तर मागे भोक पाडायची वेळ झाली.

आणि एक. दोन डिस्क एकाच कपाटात असणं म्हणजे बॅकअप नव्हे, दोघी एकत्रच तापतात. आजीच्या ओव्यांची तिसरी प्रत आता पुण्याला बहिणीकडे आहे.