जलाशयातील मासेमारीसाठी घरच्या घरी लाकडी होडी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यास पाणी पुरविणारे पवना, आंद्रा व भामा-आसखेड हे जलाशय मावळ आणि खेड तालुक्यांत आहेत. खाली शहराजवळ पवना व इंद्रायणी या नद्यांत सांडपाणी मिसळते, पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे तगत नाहीत. त्यामुळे मासेमारीस खरा वाव वरच्या जलाशयांतच उरला आहे. तेथे कटला, रोहू, मृगळ हे मासे चांगले वाढतात. परंतु अनेक मच्छीमार अद्याप फुगविलेली रबरी ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा घेऊन खोल पाण्यात जातात. बुडालेल्या झाडाचा खुंट लागून ट्यूब फाटली अथवा वाऱ्याने तराफा उलटला, तर जाळ्यात पाय गुंतून पोहणाराही बुडतो. गावचा सुतार हाताशी असल्यास सपाट बुडाची लहान होडी घरच्या अंगणात तयार करता येते.

माप व वजनाचा हिशेब

दोन माणसांसाठी होडीची लांबी ४ मीटर असावी. बूड मध्यभागी ९० सें. मी. व वरचा काठ ११५ सें. मी. रुंद आणि बाजूंची उंची ४० सें. मी. ठेवावी. अशा होडीच्या बुडाचे क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस मीटर भरते. एक लिटर पाण्याचे वजन १ किलो असल्याने प्रत्येक २७ किलो भारास होडी सुमारे १ सें. मी. खाली बसते. होडीचे स्वतःचे वजन १०० किलो, दोन माणसांचे १२० व जाळे आणि मासळीचे ८० धरले, तर एकूण ३०० किलोंना होडी ११ सें. मी. बुडेल आणि काठ पाण्यावर २९ सें. मी. राहील. काठ पाण्यापासून एका वितीपेक्षा खाली कधीही जाऊ देऊ नये. हा हिशेब शांत पाण्याचा आहे. लाटांत होडी हेलकावते, म्हणून तिसरा माणूस घेऊ नये.

लाकूड

बाजू व बुडासाठी २० मि. मी. जाडीचा, वाळलेला, गाठी नसलेला साग उत्तम. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण लवकर कुजते. चाकण-भोसरी भागात यंत्रांच्या खोक्यांचे पाइन लाकूड भंगारात मिळते. त्यावरील ‘एचटी’ हा ठसा लाकूड तापवून कीडमुक्त केल्याचा आहे, ‘एमबी’ हा मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिल्याचा. यांपैकी कोणत्याही उपचाराने लाकूड पाण्यात टिकाऊ होत नाही. हे लाकूड साचे व तात्पुरते आधार यांसाठी वापरावे, बुडासाठी नव्हे. प्लायवूड घ्यावयाचे असल्यास ‘आयएस ७१०’ हे मानक छापलेले सागरी प्लायवूडच घ्यावे.

बांधणीचा क्रम

प्रथम मधली, पुढची व मागची अशा तीन आडव्या चौकटी करून त्या सपाट जमिनीवर उलट्या उभ्या कराव्यात आणि मध्यरेषेवर दोरी ताणून सरळपणा तपासावा. नंतर पुढची नाळ व मागची फळी बसवावी. बाजूच्या फळ्या नाळेस जोडून, मागची टोके दोरीने वेढून काठीने पीळ देत हळूहळू जवळ आणावीत. फळी वाकत नसल्यास उकळत्या पाण्यात भिजविलेली पोती तिच्यावर गुंडाळावीत. घाई केल्यास फळी तडकते. बाजूंच्या आतील कडेस लांब पट्टी बसवून ती रंध्याने सपाट करावी व तिच्यावर बुडाच्या फळ्या आडव्या, एकमेकींस घट्ट भिडवून जोडाव्यात. मध्यभागी आतून व बाहेरून एकेक लांब फळी लावावी. बाहेरच्या फळीमुळे होडी सरळ चालते.

साध्या लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरावेत आणि प्रत्येकासाठी आधी छिद्र पाडावे. बाजू व बूड यांच्या सांध्यात सुती दोरा व पुट्टी दाबून भरावी. शेवटी जवसाच्या कोमट तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. हे पाणी पिण्यासाठी जाते. म्हणून डांबर वा विषारी लाकूडरक्षक द्रव्ये लावू नयेत.

पाण्यात उतरविण्यापूर्वी

नवी होडी प्रथम गळतेच. उथळ पाण्यात ती पाण्याने भरून दोन दिवस ठेवल्यास लाकूड फुगून फटी मिटतात. त्यानंतरही गळणारा सांधा उकलून पुन्हा भरावा. बसण्याच्या फळ्यांखाली २० लिटरचे चार रिकामे, घट्ट बुचाचे डबे बांधावेत. होडी पाण्याने भरली, तरी प्रत्येक डबा सुमारे २० किलो भार तोलून धरतो व माणसांना धरावयास आधार राहतो. सव्वादोन मीटर लांबीची दोन वल्ही, पाणी उपसण्याचे भांडे आणि प्रत्येकास जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज काठ सोडू नये. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो. जाळी त्यापूर्वीच ओढावीत. काम संपल्यावर होडी सावलीत ठोकळ्यांवर पालथी ठेवावी. उन्हात राहिल्यास सांधे पुन्हा उघडतात.

जलाशयातील मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. म्हणून लाकूड खरेदी करण्यापूर्वीच संस्था, मत्स्यव्यवसाय विभाग व धरणाचे कार्यालय यांच्याकडे परवानगीची चौकशी करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिली होडी गावच्या सुताराकडून सर्वांसमक्ष बांधवून घ्यावी व तिचे साचे जपून ठेवावेत. पुढील होड्या त्याच साच्यांवर थोड्या श्रमात होतील.