सावली आवरून

सासवडजवळच्या या मळ्यात दसऱ्याआधीचा झेंडूचा तोडा चाललाय. साडेअकरा वाजलेत, आभाळात ढगाचा ठिपकाही नाही. पाट्या भरत बायका सरीसरीने पुढे सरकताहेत आणि मी एका केशरी फुलासमोर गुडघे टेकून बसलोय. फुलाच्या कडेला पांढराशुभ्र खेकडा कोळी आहे, करंगळीच्या नखाहून लहान. पुढच्या पायांच्या दोन्ही जोड्या फाकवून तो दबा धरून बसलाय.

फोटो काढावेत ते कोवळ्या उन्हात, असं सगळेच सांगतात. निसर्गदृश्यांसाठी ते खरंही आहे. पण कोवळ्या उन्हात या फुलांवर दव असतं, माश्यांची वर्दळ नसते. त्यांचं जगणं या रणरणत्या उन्हात चालतं, तेव्हा ते टिपायलाही आपण याच वेळी यायला हवं.

इथे सगळ्यात जपायची ती आपली सावली. मघाशी शेजारच्या फुलावर एक फुलपाखरू पंख पसरून ऊन खात होतं. माझ्या टोपीची सावली पंखावर पडली मात्र, ते उडालं. सूर्य दक्षिणेकडे कललाय, म्हणून मी फुलाच्या उत्तरेला बसलोय, तोंड उन्हाकडे करून. सावली माझ्या पाठीमागे पडतेय.

कॅमेऱ्यात वेगळाच पेच आहे. एवढं ऊन असूनही उजेड पुरत नाही. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराइतका उतरवायचा, तर भिंग इतकं पुढे सरकतं की प्रकाश चौथाईवर येतो. छिद्र एफ ११ ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एका मिलिमीटरचा. छिद्र आणखी बारीक करावं, तर सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून फ्लॅश लागतो, त्यावर ट्रेसिंग पेपर. त्यातून कोळी पांढरा! थेट उन्हात त्याची पाठ कोऱ्या कागदासारखी होते, तपशील सगळे उडून जातात. डाव्या हाताने पातळ पांढरं कापड हळूहळू फुलावर धरतो. उन्हाची धार बोथट होते आणि पाठीवरचे बारीक केस दिसू लागतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटे, त्यांवर इवले डोळे. कोळी हलत नाही.

केशरी फुलावर पांढरा कोळी आपल्या डोळ्यांत भरतो, मग माशीला कसा दिसत नाही? याच कुळातल्या एका ऑस्ट्रेलियन जातीवर झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथला पांढरा कोळी उन्हातले अतिनील किरण जोरकसपणे परावर्तित करतो. मधमाश्यांना ते किरण दिसतात आणि त्या कोळी बसलेल्या फुलाकडेच ओढल्या जातात. माझ्या समोरच्या कोळ्याचंही तसंच असेल, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या कॅमेऱ्याला न दिसणारा उजेड या फुलावर पडलाय, हे मात्र नक्की.

फुलोरी मधमाशी येते. पोटाची सुरुवात तांबूस, पुढे काळे-पांढरे पट्टे. फुलावर उतरते, पाकळ्यांत तोंड खुपसते. कोळ्याचे पुढचे पाय मिटतात आणि माशी मानेत पकडली जाते. मी बटण दाबतो तोवर तिचे पंख थरथरून थांबलेत.

“काय गावलं, दादा?” सरीतून मावशी विचारतात.

“कोळ्यानं माशी धरलीय, मावशी.”

“आवं, असले लई असत्यात. पाटी झटकली की पळत्यात.” तरी त्या वाकून पाहतात. त्यांची सावली कोळ्यावर येते. तो शिकार न सोडता तिरका सरकून पाकळीखाली जातो.

मावशी ते फूल तसंच ठेवून पुढचं खुडतात. मी जमिनीला गाल टेकून खालून पाहतो. या कोळ्याच्या जबड्याला चावण्याचे दात नसतात. बारीक छिद्रातून तो आतला रस शोषतो आणि माशीचं कवच अखंड राहतं. तिच्या पायावर अजून केशरी पराग आहे. एवढ्यात तिळाएवढी एक काळी माशी येऊन मेलेल्या मधमाशीच्या पाठीवर बसते. कोळ्याच्या शिकारीतला पाझर चाटायला अशा माश्या येतात, हे वाचलं होतं, आज डोळ्यांनी पाहतोय. दुसरी येते, तिसरी घिरट्या घालतेय. मी फ्लॅश कमी करतो आणि भिंग आणखी पुढे नेतो.