आंतड्यांतील मज्जातंतु व त्यांचे रक्षक

जालना जिल्ह्यांतील पुष्कळ गांवें अवर्षणाच्या उन्हाळ्यांत टँकरच्या पाण्यावर दिवस काढतात. दूषित पाण्यानें जुलाब होतात व थांबतात. पण एखाद्याचें पोट पुढें महिनोन्‌महिने बिघडलेलेंच राहतें. घरचीं माणसें त्यास मनाचें खूळ म्हणतात, तें न्यायाचें नव्हे. आंतड्याच्या भिंतींत मज्जातंतूंचें स्वतंत्र जाळें असतें. अन्न पुढें ढकलण्याचें काम तेंच पाहतें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील संशोधकांस २०२० सालीं उंदरांत आढळलें कीं, आंत्रसंसर्गानें ह्या जाळ्यांतील कांहीं पेशी मरतात, आंतड्याची हालचाल दीर्घकाळ बिघडते, आणि रोगप्रतिकारक भक्षकपेशी उरलेल्यांचें रक्षण करतात. नवल असें कीं, एकदां संसर्ग भोगलेल्या उंदरांच्या मज्जापेशी पुढें निराळ्या जंतूच्या हल्ल्यांतहि वांचल्या, हें २०२१ सालीं दिसून आलें. माणसांत असेंच घडतें काय, हें अद्यापि ठरावयाचें आहे.