सापाचे चित्र आणि सापाची ओळख

नागपंचमीस पाटावर किंवा भिंतीवर हळद-चंदनाने काढलेला नाग आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. अजिंठ्यास जाऊन आलेल्यांना १९ व्या लेण्याबाहेरचा, मस्तकावर फणा धारण केलेला नागराजही आठवेल. या प्रतिमा हात जोडण्यासाठी आहेत. त्यांतील खवले कोणी मोजीत नाही. परंतु सापाच्या चित्राचे आणखी एक प्रयोजन आहे. विषारी कोणता व बिनविषारी कोणता, हे पाहणाऱ्यास सांगणे, हे ते प्रयोजन होय.

या दृष्टीने पहिला मोठा प्रयत्न पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असताना त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप जमविले, आणि १७९६ साली लंडनहून त्यांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. चित्रे ताम्रपटावर कोरून हाताने रंगविलेली होती. विशेष असे की, सापांना तेथील लोक काय म्हणतात, तेही त्याने नोंदले. मण्यारीच्या कुळाचे 'बंगारस' हे शास्त्रीय नाव अशाच एका तेलुगू नावावरून आले आहे. घोणशीला तर पुढे रसेलचेच नाव मिळाले.

त्यानंतर १८७२ साली जोसेफ फेअरर याचा भारतातील विषारी सापांवरील भव्य ग्रंथ निघाला. त्यातील रंगीत चित्रे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी काढली. त्यांत अन्नदाप्रसाद बागची हे प्रमुख होत. ती पाने पाहताना आजही दृष्टी खिळून राहते.

तथापि, सुंदर चित्राने ओळख पटेलच असे नाही. सापाचा रंग वयाप्रमाणे व कात टाकण्याच्या सुमारास पालटतो, मद्यार्कात ठेवल्यावर तर तो पार उडतो. कवड्या हा बिनविषारी साप पट्ट्यांमुळे मण्यारीसारखा दिसतो, आणि दुरक्या घोणस अंगावरील डागांमुळे खऱ्या घोणशीसारखा. केवळ रंगावर विसंबणारा मनुष्य एक तर निरुपद्रवी जीव मारतो, नाही तर मण्यारीला कवड्या समजून निर्धास्त राहतो. दुसरी चूक प्राणावर बेतते.

ही अडचण सोडविण्याचे मोठे काम आपल्या मुंबईत झाले. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टराने १९०५ पासून सामान्य सापांवर लेखमाला लिहिली. १९०७ साली विषारी साप ओळखण्याची त्याची पुस्तिकाही सोसायटीने काढली. त्याने रंगीत चित्रांच्या जोडीला खवल्यांच्या साध्या आकृत्या दिल्या. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले षट्कोनी व शेजारच्यांहून मोठे असतात, कवड्याचे तसे नसतात. नागाच्या वरच्या ओठावरील तिसरा खवला एकीकडे डोळ्याला व दुसरीकडे नाकपुडीजवळच्या खवल्याला भिडतो. रंग उडाला तरी ही खूण राहते. नेमके कोठे पाहावे, हे चित्र आता शिकवू लागले.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही साप आपल्या खानदेशात आहेत. मात्र खवले मोजणे हे अभ्यासकाचे काम आहे. त्यासाठी सापाजवळ जाऊ नये. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास होतो. तो फारसा दुखतही नाही, म्हणून दंशाची नुसती शंका आली तरी उजाडण्याची वाट पाहू नये. आवळून बांधणे, चिरणे, चोखणे हे सारे टाळावे. दंश झालेला अवयव न हलविता रोग्यास थेट रुग्णालयात न्यावे. तेथे मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषांवर चालते. तेव्हा साप शोधण्यात वा मारण्यात एक क्षणही दवडू नये. सापांचे चित्र शाळेच्या भिंतीवर जरूर लावावे, आणि ते मुलांनी सावकाश, निवांतपणे पाहावे. संकटाच्या वेळी चित्र पाहण्यास सवड नसते.