सुटीत दुबई, पायाखाली बर्फ

भिवंडीतल्या कितीतरी घरांचा एखादा मामू किंवा चाचा आखातात असतो. सुटीत त्याच्याकडे गेलेली मुलं आता 'स्की दुबई'चा हट्ट धरतात. मॉल ऑफ द एमिरेट्समधला हा छताखालचा बर्फाळ उतार २००५ साली सुरू झाला. सर्वांत लांब घसरण सुमारे ४०० मीटर. उन्हाळ्यात बाहेर चाळीसच्या वर, आत उणे एक-दोन अंश.

जाकीट, विजार, बूट तिथेच मिळतात. आतले कपडे मात्र आपले. आपण कापडाच्या गावचे. सुती बनियन घाम धरून ठेवतं, हे आपल्याला सांगायला नको. बर्फात तेच ओलं बनियन मुलाला कुडकुडवतं. लोकरी किंवा पॉलिएस्टरचं घाला. मोजे एकच जोडी. दोन घातले की बूट आवळतो आणि पाय उलट गारठतात.

नवख्या मुलाला आधी शिक्षकाच्या हवाली करा. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवली की वेग कमी होतो. असं थांबता-वळता आलं तरच मोठ्या उतारावर सोडतात. इथे अब्बा लोकांची घाई नडते. तिकीट महाग, व्हिडिओही हवा. म्हणून रडणाऱ्या सात वर्षांच्या पोराला वर ढकलायचं? पैसे गेले तर गेले! त्याला खालीच बर्फात लोळू द्या, कुशीवर पडायला शिकू द्या.

नमाजची जागा मॉलमध्येच आहे. जाताना मुलाचे ओले मोजे तेवढे बदला.