कमरेचे रिव्हॉल्व्हर, रेंजवरचे पिस्तूल

डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा राज्यभर गाजला: बाराशेहून अधिक. कमरेला हत्यार लावून मिरवणाऱ्यांच्या आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती फिरल्या. परवान्यांची छाननी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. या गदारोळात एक साधा प्रश्न मागेच राहिला. ज्या जिल्ह्यात हातातल्या हत्याराचे इतके आकर्षण आहे, तिथल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला खरोखर नेमबाजी शिकायची झाली, तर रेंजवर पहिल्यांदा कोणते हत्यार हाती घ्यावे?

परवाना मिळालेल्या सामान्य नागरिकाकडे बहुधा .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असते. 9 मिलिमीटरसारखे बोअर भारतीय कायद्यात निषिद्ध वर्गात मोडतात, ते नागरिकांना मिळत नाहीत. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले सहा गोळ्यांचे .32 रिव्हॉल्व्हर आपल्याकडे वर्षानुवर्षे विकले जात आहे. 2014 मध्ये तिथूनच ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन अवघे सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास आहे. ही हत्यारे खिशात किंवा पर्समध्ये मावावीत म्हणून घडवलेली आहेत. नळी तीन इंचांची, म्हणजे 76 मिलिमीटर. नेम शिकायला मात्र त्यांच्याइतके अडचणीचे हत्यार शोधून सापडणार नाही, आणि त्याची कारणे शाळेच्या भूमितीत आणि भौतिकशास्त्रातच आहेत.

भूमितीपासून सुरुवात करू. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाला माशी. नेमबाज माशी खाचेच्या बरोबर मधोमध आणतो. आता समजा, माशी एका बाजूला फक्त एक मिलिमीटर सरकली. छोट्या रिव्हॉल्व्हरवर खाच आणि माशी यांत जेमतेम 11 सेंटिमीटरचे अंतर असते. समरूप त्रिकोणांचा हिशेब केला, तर दहा मीटरवर ही चूक नऊ सेंटिमीटरची होते. दहा मीटरच्या स्पर्धेतले लक्ष्य 17 सेंटिमीटर बाजूचे चौकोनी असते. म्हणजे मध्यावर धरलेला नेम लक्ष्याच्या कागदाबाहेरच जाईल! स्पर्धेच्या एअर पिस्तुलावर तेच अंतर 33 सेंटिमीटरच्या आसपास असते. तीच एक मिलिमीटरची चूक तिथे तीन सेंटिमीटरची ठरते. गुण घटतात, पण छर्रा लक्ष्यावरच लागतो आणि आपण कुठे चुकलो हे शिकणाऱ्याला दिसते.

याच भूमितीतून नवख्याला धीर देणारी एक गोष्टही निघते. माशी आणि खाच एका रेषेत असतील आणि अख्खा हातच एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर लक्ष्यावरही चूक एकाच मिलिमीटरची होते. हात थोडा हलणारच, तो कोणाचाही हलतो. म्हणून चांगले प्रशिक्षक ‘लक्ष्याकडे नको, माशीकडे बघ’ असे सांगत राहतात. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते, माशी मात्र स्वच्छ दिसली पाहिजे.

दुसरे कारण चाप. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढला, तर त्याच ओढीत घोडा मागे जातो, गोळ्यांचे चक्र फिरते आणि मग घोडा आदळतो. त्यासाठी बोटाला साधारण चार ते सहा किलो जोर लावावा लागतो, आणि हत्याराचे स्वतःचे वजन असते सातशे ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने ओढलेली वस्तू हातात स्थिर राहील कशी? आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान 500 ग्रॅम भार लागतो आणि पिस्तूल दीड किलोपर्यंत जड चालते. जड पिस्तूल आणि हलका चाप. कमरेच्या हत्याराचे गणित याच्या नेमके उलटे आहे.

तिसरे कारण धक्का. गोळी पुढे जाते तितक्याच संवेगाने हत्यार मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम. .32 रिव्हॉल्व्हरची गोळी सुमारे सव्वासहा ग्रॅमची, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर. दारूच्या वायूंचा वाटा सोडून दिला, तरी सातशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर सेकंदाला जवळजवळ दोन मीटर वेगाने मागे येते. ‘निर्भीक’सारख्या हलक्या हत्यारात हा वेग अडीच मीटरच्या पुढे जातो. सव्वा किलोच्या आसपासच्या .22 पिस्तुलात तो एक मीटरही भरत नाही. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे मनगटाला जाणवणारा फरक बराच मोठा असतो. खरे नुकसान मनगटाचे नव्हे, सवयीचे होते. दोन-चार दणके खाल्ले की पुढच्या वेळी गोळी सुटण्याआधीच डोळे मिटतात आणि हात खाली दबतो. ही सवय एकदा जडली की मोडायला महिने जातात. आवाजाचेही तसेच. बंदुकीचा बार कानाशी 140 डेसिबलच्या वर जातो आणि एकाच बाराने श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. कानाला संरक्षण लावल्याशिवाय रेंजवर पाऊल टाकू नये.

म्हणून पहिले हत्यार एअर पिस्तूल. 4.5 मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेवर सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास सुटतो. त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्या घरात असते. भारतात 4.5 मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या हवेच्या हत्यारांना शस्त्र परवाना लागत नाही. धक्का नाममात्र, आवाज कमी. तरीही हे पिस्तूल मऊ शिक्षक नाही. चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, .22 च्या गोळीपेक्षा बरेच जास्त. तेवढ्यात हात ढळला की छर्राही ढळतो. त्यामुळे बार झाल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवण्याची शिस्त अंगी लागते. दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, पिस्तूल एकाच हाताने धरायचे आणि स्पर्धेत 75 मिनिटांत 60 छर्रे मारायचे.

रेंजवर निरनिराळी एअर पिस्तुले हाताळून बघायला मिळाली, तर आधी कंपनीचे नाव बघू नये, मूठ बघावी. स्टेयर, वॉल्थर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, पार्डिनी ही ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटलीतली नावे जगभरच्या रेंजवर दिसतात आणि सगळीच उत्तम आहेत. मूठ लाकडी असते, डाव्या-उजव्या हाताची वेगळी आणि तळव्याच्या मापाप्रमाणे लहान-मोठी. पारख सोपी आहे. डोळे मिटून हात उचलावा, लक्ष्याच्या दिशेने स्थिर करावा आणि मग डोळे उघडावेत. माशी आपोआप खाचेत बसली असेल, तर मूठ जमली. बसली नसेल, तर कितीही महाग पिस्तूल असले तरी मनगट प्रत्येक बाराला भांडत राहील. उजव्या हाताच्या माणसाचा प्रबळ डोळा डावाही असू शकतो, तोही आधी तपासून घ्यावा.

यंत्रणा जितकी साधी, तितकी नवख्याला बरी. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली मनू भाकरच्या पिस्तुलाची कळ ऐन पात्रता फेरीत तुटली, मौल्यवान मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके जिंकली, दोन्ही एअर पिस्तुलावरच.

दुसरी पायरी .22 चे स्पोर्ट पिस्तूल. याला परवाना आणि रीतसर रेंज लागते. लक्ष्य 25 मीटरवर, चापाचा किमान भार एक किलो. वेगाच्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद दडते. त्या तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी मारायची. या प्रकाराने महाराष्ट्राला मोठे दिवस दाखवले. पुण्याच्या अनीसा सय्यदने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत यात सुवर्ण जिंकले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 22 ऑगस्ट 2018 रोजी आशियाई स्पर्धेत थायलंडच्या खेळाडूशी 34-34 अशी बरोबरी झाल्यावर जादा फेऱ्यांत बाजी मारली. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. कोपराच्या दुखापतीतून सावरून ती तिथवर पोहोचली होती.

आता .32 चे. 1896 पासूनचे ‘.32 स्मिथ अँड वेसन लाँग’ हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस 25 मीटर सेंटर फायर स्पर्धेत जगभरचे नेमबाज आवडीने वापरतात, कारण ते सौम्य आणि अचूक आहे. फक्त ते झाडणारे पिस्तूल वेगळे असते: किलोभराहून जड, लांब नळीचे, हाताच्या मापाच्या मुठीचे. त्यासाठीच्या गोळीचे टोकही सपाट असते, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. काडतूस तेच राहिले, तरी नळी, वजन, चाप आणि मूठ बदलली की हत्यार विश्वासाचे होते. रिव्हॉल्व्हर ज्यांच्याकडे परवान्याने आहेच, त्यांनीही एअर पिस्तूल आणि .22 या क्रमानेच यावे आणि .32 प्रशिक्षकाच्या नजरेखाली, घोडा चढवून, दोन्ही हातांनी झाडावे. वरातीत आभाळाकडे झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि तेव्हाही माणसाच्या कातडीतून आत शिरण्याइतका वेग तिच्यात उरलेला असू शकतो.

भारतीय नेमबाजीची राष्ट्रीय संघटना 1951 मध्ये उभी राहिली. तिचे संस्थापक अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. राष्ट्रीय पातळीवर जाऊ पाहणारे अनेक नेमबाज आजही त्यांच्याच नावाच्या स्पर्धेची पायरी चढून जातात. त्या पायरीकडे जाणारा रस्ता कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवरून, पुण्यात बालेवाडीतून आणि मुंबईत वरळीतून जातो. तो बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई, परळी, आष्टीतूनही जायला हवा, आणि एअर पिस्तुलापुरते ते मुळीच अवघड नाही. दहा मीटर अंतर मावेल असा शाळेचा बंदिस्त हॉल, लक्ष्यामागे छर्रे अडवणारी भक्कम पत्र्याची पेटी, लक्ष्यावर सारखा उजेड, कुलपाचे कपाट, डोळ्यांना चष्मे, एक प्रशिक्षित माणूस आणि मोठ्या-छोट्या मुठींची चार पिस्तुले एवढ्यावर सुरुवात होते.